सवय सुटते, पुसली जात नाही

नवी पेठेत कापडाचे दुकान असलेले एक गृहस्थ मध्यंतरी दवाखान्यात आले. आजार काही नव्हता, पण चेहरा उतरलेला होता. तीस वर्षांची तंबाखू सोडून त्यांना सात महिने झाले होते. घरच्यांनी कौतुक केले होते, आम्हीही केले होते. सणाच्या गर्दीत दुकानातून जरा बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या जुन्या टपरीपाशी उभे राहिले. शेजारी कुणीतरी तळहातावर तंबाखू-चुना मळून वर थाप मारली. तो आवाज कानावर पडला मात्र, यांच्या तोंडाला पाणी सुटले आणि हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात पुडी नव्हती म्हणून बचावले.

“डॉक्टरसाहेब, सात महिने फुकट गेले म्हणायचे. माझ्या मनातच जोर नाही,” असे ते मान खाली घालून म्हणाले.

वाचकहो, त्यांचे सात महिने फुकट गेले नव्हते आणि मनाच्या जोराचा तर इथे संबंधच नव्हता. थाप ऐकून पाणी सुटले ते त्यांच्या मेंदूने पूर्वी शिकलेल्या एका धड्यामुळे. मेंदू असे धडे कसे शिकतो आणि ते विसरतो की नाही, याचा शोध शास्त्रज्ञ गेली दीडशे वर्षे घेत आहेत. ही हकिगत नीट समजली तर व्यसन सोडणाऱ्या माणसाला आणि अभ्यासाला घाबरणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांनाही तिचा उपयोग होईल, म्हणून आज ती सांगत आहोत.

गुडघ्यावरची हातोडी

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी हलकेच मारतात आणि पाय आपोआप पुढे उडतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. आपण पाय उडवायचे ठरवत नाही. हातोडीने मांडीच्या स्नायूचा बंध ताणला जातो, त्याची वर्दी मज्जातंतूमार्गे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे जाते आणि तिथूनच स्नायूला हुकूम सुटतो. मेंदूपर्यंत जाऊन परवानगी आणण्याची गरज नसते. हिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. ही गुडघ्याची चाचणी १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली आणि आजही जगभरचे डॉक्टर ती वापरतात.

तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो, डोळ्याला स्पर्श झाला की पापणी मिटते, नवजात बाळाच्या ओठाला स्पर्श झाला की ते चोखू लागते, तळहातात बोट दिले की मूठ आवळते. या सर्व क्रिया बाळ बरोबर घेऊनच जन्माला येते. त्या कुणी शिकवत नाही. तंबाखूची थाप ऐकून तोंडाला पाणी सुटणे मात्र कुणी जन्मतः बरोबर आणत नाही. मग शिकलेली गोष्टही गुडघ्याच्या झटक्यासारखी आपोआप कशी घडू लागते? नेमका हाच प्रश्न एका रशियन शास्त्रज्ञाला पडला.

बेडूक, मीठ आणि लगाम

त्यांचे नाव इव्हान सेचेनोव्ह. १८६२ साली ते पॅरिसमध्ये प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की बेडूक तो वर ओढून घेतो. ही झाली साधी प्रतिक्षिप्त क्रिया. सेचेनोव्ह यांनी बेडकाच्या मेंदूच्या ठराविक भागावर मिठाचा खडा ठेवला, तेव्हा पाय वर ओढायला बेडकाला जास्त वेळ लागू लागला. खडा काढून जागा धुतली की पाय पुन्हा पूर्वीसारखा चटकन वर येई.

अर्थ असा की, मेंदू फक्त हुकूम सोडत नाही, तो खालच्या क्रियांना लगामही घालतो. हा लगाम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

दुसऱ्याच वर्षी, १८६३ मध्ये, सेचेनोव्ह यांनी ‘मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रिया’ हा निबंध एका वैद्यकीय पत्रिकेत छापला. माणसाचे विचार, इच्छा, निर्धार यांचीही मुळे मेंदूच्या अशाच क्रियांमध्ये शोधता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. झारच्या राजवटीला हे रुचले नाही. निबंधाचे मूळ शीर्षक बदलावे लागले. १८६६ साली त्याचे पुस्तक निघाले तेव्हा ते जप्त झाले आणि नीती बिघडवण्याचा ठपका ठेवून खटल्याची तयारी झाली. वकील कोण देणार असे मित्रांनी विचारल्यावर, मी कोर्टात बेडूकच घेऊन जाईन असे सेचेनोव्ह म्हणाले, अशी आख्यायिका आहे. अखेर खटला बारगळला आणि पुस्तक सुटले. ते वाचून भारावलेल्या तरुणांमध्ये एका पाद्र्याचा मुलगा होता. तोही पाद्री होण्यासाठी शिकत होता, पण ते शिक्षण सोडून तो शास्त्राकडे वळला. तो म्हणजे इव्हान पावलोव्ह.

पावलोव्ह यांची कुत्री

पावलोव्ह मूळचे पचनक्रियेचे संशोधक. त्याच कामासाठी त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी शस्त्रक्रिया करून गालाबाहेर आणायची आणि लाळेचे थेंब मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यात एक विचित्र गोष्ट आढळू लागली. अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्याला लाळ सुटे. अन्नाचे भांडे दिसले, रोज अन्न आणणारा माणूस आला की थेंब पडू लागत. दुसऱ्या एखाद्याने याकडे दुर्लक्ष केले असते. पावलोव्ह यांनी उरलेले आयुष्य त्यालाच वाहिले.

त्यांनी अन्न देण्याच्या जरा आधी ठराविक आवाज करायला सुरुवात केली. त्यासाठी टिकटिक करणारे यंत्र, गुणगुणणारे विजेचे यंत्र अशी साधने वापरली. घंटा लोकांच्या तोंडी जास्त बसली आहे. आवाज, मग अन्न. पुन्हा आवाज, पुन्हा अन्न. असे अनेकदा झाल्यावर नुसता आवाज केला तरी लाळ सुटू लागली. आवाज आणि लाळ यांचा जन्मजात संबंध काही नाही. तो संबंध कुत्र्याच्या मेंदूने शिकून घेतला. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला अभिसंधान म्हणतात. आपण साधेपणाने त्याला ‘सांगड’ म्हणू.

आपल्या सोलापूरकरांना हे समजायला कुत्र्याची गरज नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या चालू होत्या, तेव्हा भोंग्यावर अर्ध्या गावाचे घड्याळ चाले. भोंगा झाला की पाय आपोआप चपलेकडे वळत, डबा भरणाऱ्या माउलीचे हात चालू लागत. भोंगा म्हणजे नुसता आवाज. पण रोज त्यामागून पाळी, जेवण किंवा सुट्टी येत असे, म्हणून शरीराने तो आवाज शिकून घेतला. शेंगा भाजल्याचा वास आला की चटणी-भाकरी आठवून तोंडाला पाणी सुटते, तेही असेच. आमच्या दुकानदार मित्राच्या बाबतीत तीस वर्षे, दिवसातून दहा-बारा वेळा, थापेचा आवाज आणि मागून तंबाखूची तार अशी सांगड पडत गेली. म्हणजे एक लाखाहून अधिक वेळा गिरवलेला धडा!

धडा पुसला जातो का?

आता खरी कळीची गोष्ट. पावलोव्ह यांनी पुढे उलटा प्रयोग केला. आवाज करायचा, पण अन्न द्यायचे नाही. हळूहळू थेंब कमी होत गेले आणि शेवटी एकही थेंब पडेना. धडा पुसला गेला असे कुणालाही वाटेल. पण काही काळ विश्रांती देऊन त्याच कुत्र्याला पुन्हा तोच आवाज ऐकवला, तेव्हा लाळेचे थेंब परत पडले! मधल्या काळात त्याला कुणी नव्याने शिकवले नव्हते.

यावरून पावलोव्ह यांनी निष्कर्ष काढला की, जुनी सांगड नष्ट झालेली नसते, ती फक्त दाबून धरलेली असते. ‘आवाजामागून अन्न येते’ हा पहिला धडा जागच्या जागी राहतो आणि त्यावर ‘आता येत नाही’ हा दुसरा धडा चढतो. सेचेनोव्ह यांनी बेडकात पाहिलेला लगाम इथेही होताच.

पुढे १९७९ साली अमेरिकेत बाउटन आणि बोल्स यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने यात महत्त्वाची भर पडली. उंदराला एका पेटीत आवाजाची भीती शिकवली आणि मग दुसऱ्या पेटीत ती घालवली. दुसऱ्या पेटीत तो उंदीर आवाज ऐकून निर्धास्त राहू लागला. पण पुन्हा पहिल्या पेटीत ठेवताच जुनी भीती परत आली. म्हणजे पहिला धडा कुठेही चालतो, पण त्याला दाबणारा दुसरा धडा जिथे शिकला तिथेच जास्त चालतो. जुनी जागा आली की लगाम सैल पडतो.

आमच्या मित्राची टपरी म्हणजे हीच पहिली पेटी. घरी, दुकानात, गावाला सात महिने त्यांनी दुसरा धडा पक्का केला होता. त्या कोपऱ्यावर मात्र तो कधी गिरवलाच नव्हता.

मेंदूत नेमके काय बदलते?

सांगड पडते म्हणजे मेंदूत काय होते, हे समजायला बराच काळ लागला. स्पेनचे रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतील पेशी सुट्या सुट्या दाखवल्या आणि शिकताना या पेशींमधील जोड बळकट होत असावेत, असा अंदाज १८९४ साली मांडला. दोन पेशींमधील या जोडाला इंग्लंडचे शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये सिनॅप्स हे नाव दिले. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले, पण जोड बळकट होताना कुणी पाहिला नव्हता.

तो दाखवला एरिक कँडेल यांनी, आणि तोही एका समुद्री गोगलगायीत. एप्लिसिया नावाच्या या प्राण्याच्या मज्जापेशी थोड्या आणि आकाराने मोठ्या असतात. तिला हात लावला की ती कल्ला आत ओढून घेते. आपल्या पापणीसारखीच ही प्रतिक्षिप्त क्रिया. वारंवार नुसताच हलका स्पर्श केला तर ती पुढे लक्ष देईनाशी होते. शेपटीला विजेचा झटका दिला तर मात्र साध्या स्पर्शानेही ती दचकून कल्ला ओढते. कँडेल यांनी दाखवले की, या शिकण्याने तिच्या पेशींमधील जोडांचेच बळ बदलते. घडीभराच्या धड्यात जोडातील रसायनांचे प्रमाण बदलते. तोच धडा काही दिवस अंतराअंतराने दिला तर नवे जोडच फुटतात आणि तो आठवडेच्या आठवडे टिकतो. या कामाबद्दल त्यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले. परीक्षेच्या आदल्या रात्रीपेक्षा रोज थोडा अभ्यास बरा, असे जुनी माणसे सांगतात त्याला गोगलगायीचीही साक्ष आहे.

मुंबईतली चिलटे

या शोधाचा एक पदर आपल्या मुंबईतही विणला गेला. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून डॉ. ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी संशोधनासाठी प्राणी निवडला तो पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट. अमेरिकेतील सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशी चिलटे शोधली की, जरा उष्णता वाढली की ती लुळी पडत आणि थंडावा मिळताच पुन्हा उडू लागत. मज्जातंतूतून निरोप कसा जातो, हे समजायला अशा चिलटांची मदत झाली.

बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत १९७४ साली दिसून आले की, चिलटेही शिकतात. दोन वासांपैकी एका वासाबरोबर विजेचा झटका दिला की पुढे चिलटे तो वास टाळतात. १९७६ मध्ये अशी एक जात मिळाली की, तिला वास कळे, झटका कळे, पण दोहोंची सांगड काही घालता येईना. तिचे नाव ठेवले ‘डन्स’, म्हणजे आपल्या भाषेत ‘ढ’. तिच्यातला दोष सायक्लिक एएमपी नावाच्या रसायनाच्या व्यवहारात होता. कँडेल यांच्या गोगलगायीत जोड बळकट करणारे रसायन तेच, आणि माणसाच्या मेंदूतही तेच आहे.

सिद्दीकी यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे मूळ गोव्याचे. त्यांचा जन्म केनियात झाला, शिक्षण आयर्लंडमध्ये झाले, पण संशोधनासाठी त्या मुंबईत आल्या आणि इथल्याच झाल्या. चिलटाला वास आणि चव कशी कळते, त्याचे मज्जातंतू मेंदूत नेमक्या जागी कसे पोचतात, यावर त्यांचे काम जगभर नावाजले गेले. सिद्दीकी यांनी पुढे बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले. रॉड्रिग्ज २०१० साली आणि सिद्दीकी २०१३ साली निवर्तले.

भीतीचा धडा सर्वांत पक्का

याच बंगळूरच्या केंद्रात डॉ. सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो प्रत्येक आई-वडिलांना ठाऊक असायला हवा. उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवले. मग मेंदू तपासला. नव्या गोष्टी लक्षात ठेवण्यास मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातील पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. भीती शिकणाऱ्या, बदामाच्या आकाराच्या ॲमिग्डला या भागातील पेशींच्या फांद्या मात्र उलट वाढल्या होत्या. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी त्यांनी पुढचा भाग सांगितला. ताण थांबवून २१ दिवस विश्रांती दिल्यावरही भीतीच्या भागातली वाढ ओसरली नाही आणि उंदीर घाबरटच राहिले.

पावलोव्ह यांनाही असा अनुभव आला होता. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला. प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यात अडकली आणि पाणी चढत गेले. कशीबशी त्यांना ओढून बाहेर काढले. त्यानंतर काही कुत्री शिकलेले धडेच विसरली. कित्येक दिवसांनी ती पूर्ववत झाली, तरी दाराखालून पाण्याची बारीक धार आत येताना दिसली की त्यांतला एखादा कुत्रा पुन्हा बिथरून जाई.

माणसाच्या बाळाला भीती शिकवण्याचा प्रयोग अमेरिकेत १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी केला. अकरा महिन्यांचे एक बाळ पांढऱ्या उंदराला बिनधास्त हात लावत असे. त्याने हात लावला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटून मोठा आवाज करायचा, असे काही वेळा केले. मग बाळ उंदीर दिसताच रडू लागले. पुढे ससा आणि केसाळ कोट पाहूनही ते घाबरू लागले. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण आपण घराघरांत, शिकवणीवर्गात नकळत तेच करत नाही का? मुलाने गणिताची वही उघडली की पाठीत धपाटा, पाढा चुकला की पट्टी. मूल पाढा शिकते की नाही कोण जाणे, पण वही आणि मार यांची सांगड मात्र ते हमखास शिकते. मग वही दिसली की पोटात दुखते, शाळेच्या वेळेला उलटी होते. आई म्हणते नाटक करतो. ते नाटक नसते. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरासाठी प्रत्येकाने आपला आपण कायदा करावा.

शिकलेली भीती घालवण्याचा उपायही त्याच काळात सापडला. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर तो करून पाहिला. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणायचा आणि रोज थोडा थोडा जवळ सरकवायचा. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. जबरदस्ती नाही, टाळाटाळही नाही. हळूहळू, सुखाच्या सांगडीने.

कळते, पण वळत नाही

‘तंबाखू वाईट हे कळत नाही का तुम्हाला?’ असे घरची माणसे चिडून विचारतात. कळते. पण कळणे आणि सवय यांची मेंदूतली घरे वेगळी आहेत. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलाइसन या तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. नंतर त्याला नवी माणसे, नवे प्रसंग लक्षात राहीनासे झाले. पण आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे अवघड काम त्याला ब्रेंडा मिल्नर यांनी दिले, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सफाईने चालू लागला. गंमत अशी की, आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे मात्र त्याला दरवेळी आठवत नसे. हात शिकत होता, पण त्याची खबर हेन्रीला नव्हती.

आपल्याकडच्या विडी कामगार भगिनी गप्पा मारता मारता पान कापतात, तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात. बोटांकडे पाहावेही लागत नाही. कसे करता असे विचारले तर सांगता येत नाही, करूनच दाखवावे लागते. व्यसनाची सवय अशाच खोल घरात राहते. पुडीवरचे इशाऱ्याचे चित्र वाचणारा मेंदूचा भाग वेगळा आणि पुडी फाडणारा हात चालवणारा भाग वेगळा. म्हणून नुसत्या उपदेशाने सवय हलत नाही. सवयीला दुसरी सवयच हटवते.

दिलासा असा की, लगाम घालणारी यंत्रणाही मेंदूत आहे. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग जुन्या सांगडींना दाबून धरायला शिकतो, आणि वापराने तो लगाम घट्ट होतो. सेचेनोव्ह यांच्या बेडकापासून सुरू झालेली गोष्ट इथे आपल्या उपयोगी पडते.

मग करायचे काय?

तंबाखू, मावा, विडी सोडणाऱ्यांनी पहिल्या काही आठवड्यांत ठरलेली टपरी, ठरलेला कट्टा आणि ठरलेली मंडळी टाळावीत. लगाम कच्चा असताना जुन्या पेटीत शिरू नये. पण जन्मभर पळता येत नाही. म्हणून लगाम जरा पक्का झाल्यावर सोडलेल्या मित्राला किंवा घरच्या माणसाला बरोबर घेऊन त्याच जागी जावे आणि काही न खाता परत यावे. दुसरा धडा तिथेही गिरवावा लागतो. एकदा जाऊन भागत नाही, पुनःपुन्हा जावे लागते.

तलफ आली तर ती लाटेसारखी असते. बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकावी, चार पावले चालावे. जेवणानंतर, चहाबरोबर, हिशेब करताना अशा ज्या ज्या वेळी तंबाखू लागत असे, त्या प्रत्येक वेळेला हाताला आणि तोंडाला दुसरे काम नेमून द्यावे. तरीही जमत नसेल तर डॉक्टरांना भेटावे. तलफ कमी करणारी औषधे मिळतात. सरकारच्या १८००-११२-३५६ या मोफत दूरध्वनी क्रमांकावरही सल्ला मिळतो. गुटख्यावर २०१२ पासून आपल्या राज्यात बंदी आहे, तेव्हा चोरून मिळाला तरी घेऊ नये. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड उघडायला त्रास असेल तर आजच तपासून घ्यावे.

आणि चुकून एखादे वेळी घसरण झाली तर ‘सगळे फुकट गेले’ म्हणून पुडी जवळ करू नये. पहिला धडा वर आला, इतकेच झाले. दुसरा धडाही मेंदूत जागेवरच असतो. तो पुन्हा गिरवायला घ्यावा. दुसऱ्यांदा तो लवकर बसतो.

मुलांच्या बाबतीत एवढेच सांगू. अभ्यासाची वेळ आणि मार यांची सांगड पडू देऊ नका. भीती बसलीच असेल तर जबरदस्तीने वही पुढे ढकलू नका आणि अभ्यास अजिबात सोडूनही देऊ नका. रोज दहा मिनिटे, आई-वडिलांच्या शेजारी बसून, त्याला येणाऱ्या सोप्या गणितापासून सुरुवात करा. पीटरच्या सशासारखी वही हळूहळू जवळ येऊ द्या. पोटदुखी, झोप उडणे, शाळा टाळणे हे प्रकार चालूच राहिले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमच्या दुकानदार मित्राला हे सारे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे मी नापास नाही, फक्त एक पेपर द्यायचा राहिला होता.” आता ते आठवड्यातून दोनदा मुलाला बरोबर घेऊन मुद्दाम त्या टपरीवर जातात आणि चहा पिऊन परत येतात. थाप ऐकली की तोंडाला थोडे पाणी अजून सुटते, असे ते सांगतात. हात मात्र खिशाकडे जात नाही.